मित्रांच्या भरवशावर घराचं काम काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घराचं मोठं काम काढायचं ठरलंय, पैसा मोजका आहे आणि मित्र म्हणतायत, "आम्ही आहोत ना!" अशा मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. फ्लॅटची पूर्ण तोडफोड असो, चाळीतली रूम असो की गावठाणातलं, कोळीवाड्यातलं बैठं घर असो, बऱ्याच गोष्टी सारख्याच असतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

चार-पाच मित्र मदतीला तयार आहेत. खर्च किती वाचेल?

वाटतो तेवढा नाही. लादी, सिमेंट, नळ, वायर, प्लायवूड यांचे पैसे मित्र आले म्हणून कमी होत नाहीत. चांगल्या कडियाची (गवंड्याची), सुताराची मजुरीही सुटत नाही. सुटतात ते बिगाऱ्याचे काही रोज, ओझी वाहण्याचे पैसे, रंगाआधीची घासाघाशी आणि भाव काढत फिरण्याची पायपीट.

खरा फायदा दुसरीकडे असतो आणि तो कुणी हिशेबात धरत नाही. तुम्ही सकाळी आठला लोकल पकडता, रात्री आठला घरी येता. मधल्या बारा तासांत भिंतीत पाइप कुठून गेला, कोणत्या कंपनीची वायर ओढली, गिलाव्याला पाणी मारलं की नाही, हे बघायला घरात कुणीच नसतं. घरून काम करणारा किंवा रात्रपाळीचा एखादा मित्र लॅपटॉप घेऊन खुर्चीवर नुसता बसून राहिला आणि भिंत बुजवण्याआधी प्रत्येक झिरीचा (पाइप-वायरसाठी खोदलेल्या चरीचा) फोटो काढत गेला, तर गोण्या वाहणाऱ्या चौघांपेक्षा त्याची मदत जास्त किमतीची आहे. मित्र निवडताना ताकद शेवटी बघा, आधी बघा कोण हजर राहू शकतो.

कोणती कामं मित्रांना द्यायची आणि कोणती नाही?

दोन कसोट्या लावा.

पहिली: बिघडलं तर सहज परत करता येईल असं काम मित्राला. भिंतीआड किंवा लादीखाली कायमचं गाडलं जाणारं काम कारागिराला. रंगाचा हात वाकडा गेला तर पुन्हा मारता येतो. बाथरूमच्या लादीखालचा पाइप नीट जोडला गेला नाही तर दोन वर्षांनी खालच्या मजल्यावरचे काका छताचा फोटो घेऊन दारात उभे राहतात.

दुसरी कसोटी लोक विसरतात आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. ज्या कामावर उद्याचा कारागीर अडणार आहे, ते काम मित्रावर ठेवू नका. समजा सोमवारी लादीवाला येणार आहे आणि जुनी लादी उखडायचं काम मित्रांनी शनिवारी करायचं ठरलं. एकाच्या मुलाला ताप आला, दुसऱ्याला ऑफिसमधून फोन आला, काम अर्धं राहिलं. सोमवारी लादीवाला येतो, बघतो आणि दुसऱ्या साइटवर निघून जातो. तो परत कधी येईल हे त्याच्या हातात, तुमच्या नाही. तुमच्या वाचलेल्या मजुरीपेक्षा त्या दिवसांचं तात्पुरत्या घराचं भाडं जास्त होतं. यात मित्राची काही चूक नसते. तो मोकळ्या वेळात येणारा माणूस आहे आणि मोकळा वेळ कुणालाच पक्का ठरवता येत नाही.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारी कामं भरपूर निघतात: सामान बांधून हलवणं, जुने कपाट-पंखे-दारं उतरवणं, जुना रंग खरवडणं, पुट्टी घासणं, रंग देणं, ग्रिलला रेड ऑक्साइड मारणं, फर्निचर जोडणं, पडदे-दिवे लावणं, शेवटची धुलाई. आणि गिलाव्याला, नव्या विटकामाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस ओल राहायला हवी. मजूर नसतील त्या दिवशी पाणी हमखास चुकतं, म्हणून जवळच राहणाऱ्या मित्राकडे किल्ली द्या.

सगळे मित्र रविवारीच मोकळे असतात आणि सोसायटी रविवारी काम करू देत नाही. मग?

मुंबईतली ही सगळ्यात मोठी अडचण. नियम सोसायटीगणिक वेगळे, पण साधारण चित्र असं: सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी सहापर्यंत काम, दुपारी दोन ते चार शांतता, रविवारी आणि सणाला बंद. रात्री १० ते सकाळी ६ आवाजावर कायद्यानेच बंधन आहे, सोसायटीचे नियम त्याहून कडक असतात. म्हणजे तुमचे मित्र येतात त्या वेळी हातोडा चालत नाही आणि हातोडा चालतो तेव्हा मित्र ऑफिसात.

म्हणून कामाचे दोन ढीग करा: आवाजाचं आणि बिनआवाजाचं. तोडफोड, ड्रिल, कटर, ग्राइंडर हे सगळं कामाच्या दिवशी मजुरांकडून. पुट्टी हाताने घासणं, रंग, मोजमाप, नव्या लाद्या पेटीतून काढून रंग-तडे तपासणं, लादी बसवायच्या आधी जमिनीवर नुसती मांडून तुकडे कुठे येतात ते बघणं, हे रविवारचं. ही मांडणी तर मित्रांसोबतच करावी. चार डोळ्यांना दारासमोर येणारा बोटभर रुंदीचा तुकडा आधीच दिसतो.

सेक्रेटरींना आधी लेखी विचारा: "आवाज होणार नाही असं काम रविवारी घरातल्या घरात चालेल का?" बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. न विचारता केलं आणि कुणी तक्रार केली की सोसायटीने कामाआधी घेतलेल्या डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, शिवाय पुढचे दोन महिने तुमच्या प्रत्येक गोणीकडे वॉचमन संशयाने बघतो. येणाऱ्या मित्रांची नावं गेटवर देऊन ठेवा.

चाळीत लेखी नियम कमी, पण भिंत सामाईक. शेजारी रात्रपाळी करून दुपारी झोपणारा कुणी आहे का, कुणाची दहावी-बारावी आहे का, हे आधी दारोदार जाऊन विचारलंत तर अर्धी भांडणं होतच नाहीत.

घरातल्या घरात मित्रांनीच काम केलं तर परवानगी कशाला?

काम कोण करतंय याला महत्त्व नाही, काय करताय याला आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ खाली गिलावा, रंग, लादी बदलणं, नळ-वायरिंगचं साहित्य बदलणं अशी किरकोळ दुरुस्ती वेगळी धरली आहे. त्यासाठी पालिकेची परवानगी लागत नाही. भिंती हलवणं, मजला किंवा पोटमाळा वाढवणं, बाहेरच्या बाजूला बांधकाम करणं, इथे परवानगीचा प्रश्न आला. वॉर्ड ऑफिसमधला इमारत व कारखाने विभाग हा त्याचा पत्ता.

पालिकेची नसली तरी सोसायटीची परवानगी घ्यायचीच. शहर भागातली जुनी उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी) इमारत असेल तर म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळही मध्ये येतं आणि पागडीची जागा असेल तर मालकाची संमती. आणखी एक: तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) बंधनकारक आहे. सोसायटीकडून तो अहवाल मागून वाचा. इमारत आधीच कमकुवत ठरली असेल तर वर जाड कोबा आणि ग्रॅनाइट चढवायचा विचार सोडा.

एक मित्र सिव्हिल इंजिनियर आहे. तोच सगळं बघेल, चालेल ना?

तो काय करतो ते आधी विचारा. रस्त्यांच्या निविदा बघणारा आणि इमारतींचं संरचनात्मक गणित करणारा, दोघांच्या दारावर सिव्हिल इंजिनियर हीच पाटी असते. हॉल मोठा करायला मधली भिंत पाडायची असेल तर कॉलम-बीमच्या इमारतीत ती बहुधा नुसती आडभिंत असते. जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतीत तीच भिंत वरचे मजले पेलत असू शकते. ठोकून आवाजावरून सांगणारे बरेच भेटतील. सोसायटी मात्र नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र मागेल आणि मागायलाच हवं. बीमला छिद्र पाडून एसीचा पाइप नेणं, कॉलम खरवडून स्विचबोर्ड आत बसवणं, असल्या गोष्टींना मित्र "काय होतंय" म्हणाला तरी नाही म्हणा.

मित्र खरोखर त्याच कामातला असेल तर छानच. पण मग त्याला फी द्या, कमी का होईना. पैसे घेतले नाहीत की तो नक्षा उशिरा देतो, तुम्हाला दोनदा विचारायला संकोच वाटतो आणि कारागीर रिकामे बसतात. फी ठरली की फोन करायला जीभ अडखळत नाही. इंटिरियर करणाऱ्या मैत्रिणीच्या बाबतीतही हेच. "जरा एक स्केच काढून दे ना" या वाक्यामागे तिचे चार-पाच दिवस असतात.

मित्राच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, स्वस्तात करतो म्हणतोय. घ्यावा का?

मित्राची सगळ्यात महागात पडणारी मदत बहुधा हीच. ओळखीच्या मिस्त्रीला घासाघीस करून भाव विचारता येत नाही, काम थांबवता येत नाही आणि काढून टाकता तर मुळीच येत नाही, कारण मित्र मध्ये दुखावतो. त्यामुळे ओळखीचा असला तरी दोन बाहेरचे भाव घ्या, त्याने नुकतंच संपवलेलं आणि दोन पावसाळे काढलेलं, अशी दोन्ही कामं जाऊन बघा, दर, मोजणीची पद्धत आणि पैशांचे टप्पे कागदावर लिहून घ्या. मित्राला तेव्हाच सांगा: "तू नाव सुचवलंस, तुझं काम झालं. पुढचं आमचं आम्ही बघू." मित्रही सुटतो.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला तर ओळख हा निकषच नको. खाली बुडीत (बाकी घरापेक्षा खोल घेतलेला) स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर, वर भराव: कुठे विटांच्या तुकड्यांचा कोबा, हल्ली वजन कमी ठेवायला सिपोरेक्सच्या हलक्या विटांचे तुकडे. यातला प्रत्येक थर पुढच्या थराखाली झाकला जातो. लादी बसण्याआधी निचऱ्याचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तास. पाण्याच्या पातळीची भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी बेल वाजवू नका. या चाचणीवर लक्ष ठेवणं हे मित्राला द्यायचं उत्तम काम. मिस्त्री "आमचं काम गळत नाही, कशाला दोन दिवस घालवता" म्हणेल. त्याला संकोच न करता नाही म्हणणारा, घरचा नसलेला माणूस तिथे हवा.

वायरिंग आणि गॅसचं काम मित्र करू शकतो. तो घरी स्वतः करतो.

नको. वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. एसी वाढणार असतील तर मंजूर भार वाढवायचा अर्जही बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, ज्यांची वीज असेल त्यांच्याकडे करावा लागतो. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसला आहे ना आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो ना, हे मात्र मित्रासोबत स्वतः बघा.

पाइपगॅसचा मीटर किंवा पाइप हलवायचा असेल तर महानगर गॅसला कळवायचं, त्यांची माणसं येऊन करतात. सुबक दिसावं म्हणून पाइप कपाटाआड बंदिस्त करू नका.

आमचं गावठाणात घर आहे, स्लॅब भरायचाय. त्या दिवशी सगळे मित्र बोलवू का?

बोलवा, पण स्लॅब भरायला नाही.

गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून रेती-खडी नाक्यावर उतरते आणि तिथून डोक्यावर घमेली जातात. वर सळ्यांची जाळी अंथरलेली असते, खाली टेकूंचं रान. काँक्रीट एकदा सुरू झालं की सलग संपवायचं असतं. मध्येच थांबलं तर जुन्या-नव्या थरात सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी येतं. हे काम रोज करणारी टोळी एका लयीत करते. त्या रांगेत हौशी माणूस घुसला की लय तुटते. तो सळ्यांवर उभा राहतो, जाळी दबते आणि सळी जिथे हवी तिथे राहत नाही. माल कोरडा दिसला म्हणून कुणी प्रेमाने मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी ओतलं तर तेवढी ताकद गेलीच.

मित्रांना दुसरी कामं आहेत. एकाने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजायच्या, म्हणजे किती वापरलं ते कळतं. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून टेम्पो, स्कूटरवाले आणि शेजाऱ्यांची बोलणी सांभाळायची. एकाने सगळ्यांच्या पाण्याचं आणि जेवणाचं बघायचं. पाऊस आला तर ताडपत्री टाकायला दोघं तयार हवेत. आणि पुढचे दिवस स्लॅबवर पाण्याचे वाफे करून ते भरत राहणं, हे मित्रांचं हक्काचं काम. टेकू कधी काढायचे ते फक्त इंजिनियर ठरवेल. "आता सुकला की" म्हणून कुणाला हात लावू देऊ नका.

गणपतीच्या आधी घर तयार हवंय. मित्र आले तर वेग वाढेल?

उलट गणपतीच्या आधीच मित्र सगळ्यात कमी मिळतात. अर्धे मंडळाच्या मंडपात, अर्धे कोकणात जायच्या तयारीत. कारागिरांचंही तेच, फक्त सण वेगळे. उत्तरेकडचे होळी-छठला, राजस्थानी सुतार दिवाळीला, बंगाली कारागीर ईदला किंवा दुर्गापूजेला गावी जातात आणि परतीची तारीख सांगतात त्याच तारखेला येतात असं नाही.

शिवाय सिमेंटला घाई कळत नाही. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की नवा गिलावा वाळायलाच वेळ घेतो. ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग चढवला की दिवाळीपर्यंत पापुद्रे. मला विचाराल तर तोडफोड आणि पाण्याशी संबंधित कामं नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढावीत, छपराचं काम मेच्या मध्यापर्यंत संपवावं. गणपती आणायचेच असतील तर एक खोली आणि देवाचा कोपरा पूर्ण करून घ्या, बाकीचं मागून.

मित्रांना विचारायचं कसं? आणि हो म्हणून आलेच नाहीत तर?

"काम चालू आहे, जमेल तसे या रे" असा मेसेज ग्रुपवर टाकला तर अंगठे पंधरा येतात आणि माणसं दोन. कोण, केव्हा, काय, किती वेळ, एवढं सांगून एकेकाला वेगळा फोन करा. "शनिवारी दहा ते एक, तिघंजण, कपाटं उतरवून शेजारच्या रिकाम्या खोलीत न्यायची, जेवूनच जायचं." याला माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. मुंबईत बदलापूरहून दादरला यायचं तर जाऊन-येऊन तीन तास जातात, तेव्हा तासाभराच्या कामासाठी त्याला बोलवू नका. लांबच्यांना फोनवरची, ऑनलाइन भाव काढायची कामं द्या.

नाही म्हणायची वाटही तुम्हीच मोकळी करून द्या. "नाही जमलं तर आत्ताच सांग, मी बिगारी सांगून ठेवतो." ही धमकी नाही, सोय आहे. नाक्यावरचा एखादा बिगारी नेहमी मनात धरून ठेवा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच घाला. मित्र आले तर ते पैसे वाचतील, नाही आले तर काम थांबणार नाही आणि रागही येणार नाही. मित्रांवरचा राग बहुतेक वेळा पर्यायी माणूस ठेवला नव्हता म्हणूनच येतो.

मित्र आणि मिस्त्री यांचं पटत नाहीये.

मिस्त्रीला सूचना एकाच माणसाने द्यायच्या, तुम्ही किंवा तुम्ही नेमलेला एकजण. बाकीच्यांनी पाहिलेलं त्या एकाला सांगायचं. तीन मित्रांनी तीन वेळा सिंकची उंची बदलली की मिस्त्री शेवटी स्वतःच्या मनानेच बसवतो, आणि मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. यूट्यूबवर शिकलेल्या मित्राला कॅमेऱ्याचं काम द्या.

त्यांना पैसे द्यायचे की जेवण पुरे?

एक-दोनदा आलेल्यांना जेवण, चहा, परतीचं रिक्षाभाडं. महिनाभर रोज हजर राहणाऱ्याला नुसतं जेवण म्हणजे अन्याय आहे. त्याला मोबदला द्या, तो नको म्हणाला तर त्याच्या उपयोगाची मोठी वस्तू घ्या, पण काहीतरी ठरवून द्या. ज्याचं पोटच या कामावर आहे, म्हणजे मित्र स्वतः रंगारी किंवा सुतार आहे, त्याला बाजारभावाने पैसे द्यायचे. यावर चर्चाच नको. सवलत देणं हे त्याच्या मनावर, मागणं तुम्हाला शोभत नाही.

जेवणाची एक गोष्ट डोळ्यांत खुपते म्हणून सांगतो. मित्रांना पावभाजी आणि तिथेच राबणाऱ्या बिगाऱ्याला कटिंग चहा, असं करू नका. एकाच घरात एकाच धुळीत काम करतायत, एकच जेवण मागवा. बाटल्या उघडायच्या असतील तर हत्यारं पेटीत गेल्यावर, आणि त्या रात्री शिडीवर कुणी चढायचं नाही.

काम करताना मित्राला लागलं तर?

जबाबदारी तुमची, मग तो स्वतःहून आला असला तरी. त्याची मेडिक्लेम चालू आहे का हे आधी विचारायला लाजू नका. रक्तगट, घरच्यांचा नंबर लिहून ठेवा, १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर सगळ्यांना सांगा. चपला घालून तोडफोडीच्या घरात कुणालाही शिरू द्यायचं नाही, बंद बूटच हवेत, कारण उलटे पडलेले खिळे मोजता येत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारा.

ग्राइंडरला हौशी हात नको. डिस्कवरचं कव्हर काढून चालवायची इथे सर्रास सवय आहे, तुमच्या घरात चालवून घेऊ नका. छज्ज्यावर उभं राहून ग्रिल रंगवणं, स्टुलावर स्टूल ठेवणं हेही बंद.

धुळीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. लादी, काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते. पाणी मारत कापायचं आणि रुमालाऐवजी निदान एन-९५ मास्क. जुन्या चाळींवर, शेड्सवर जे राखाडी सिमेंटचे पत्रे दिसतात त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ते हातोड्याने फोडले की तंतू हवेत उडतात आणि त्यांचा त्रास कित्येक वर्षांनी, कधी कर्करोगाच्या रूपात वर येतो. हे पत्रे उतरवायचं काम मित्रांना अजिबात देऊ नका. जो उतरवेल त्याने ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायला हवेत.

डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) मित्राच्या गाडीतून नेऊन टाकलं तर?

खाडीकाठी, कांदळवनात किंवा रस्त्याकडेला टाकणं गुन्हा आहे आणि गाडीचा नंबर मित्राचा असतो. पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, वॉर्ड ऑफिसात विचारा. मित्रांनी गोण्या भराव्यात, पण अर्ध्याच. पूर्ण भरलेली गोणी जिन्यातून कुणालाच उचलत नाही. लिफ्टला सोसायटी परवानगी देत नसेल तर वॉचमनशी वाद घालू नका.

मित्राने केलेलं काम वाईट झालंय. कसं सांगू?

दिसण्यापुरतं वाईट असेल, म्हणजे रंगाचे पट्टे, जरा वाकडं शेल्फ, तर सांगू नका. महिन्याभराने शांतपणे दुरुस्त करा किंवा तसंच राहू द्या. धोक्याचं असेल, उदाहरणार्थ भिंतीत नीट न धरलेला गीझरचा ब्रॅकेट, तर त्याच दिवशी त्याच्यासमोर सांगा आणि दोघं मिळून काढा. मागाहून गुपचूप कारागीर बोलावून बदललं की ते कुठून तरी कळतंच, आणि ते जास्त लागतं.

मित्राकडून पैसेही उसने घेतलेत आणि तो कामालाही येतोय.

एकाच माणसाकडून दोन्ही घेऊ नका. उसने असताना तुम्ही महागडा नळ निवडलात तर तो काही बोलणार नाही, पण तुम्हाला सारखं वाटत राहील. आणि त्याला काम सांगताना तुमचा आवाज आपोआप खाली येईल.

मला हातकाम काहीच येत नाही. परतफेड कशी करू?

कोकणात शेतीची कामं सावडीने होतात. आज माझ्या शेतात चार माणसं, परवा मी तुझ्या शेतात. तिथे कोणाची किती पाळी झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शहरात आपण मोजायला लाजतो, म्हणून उपकार साठतात. वहीच्या मागच्या पानावर कोण किती वेळा आला ते लिहून ठेवा. हिशेब मागायला नाही, विसरू नये म्हणून.

परतफेड गिलाव्यानेच करायला हवी असं कुठे आहे? त्याच्या आईला केईएम रुग्णालयात नंबर लावून देणं, त्याच्या मुलीला आठवडाभर गणित शिकवणं, तो गावी गेल्यावर त्याच्या घरात येणाऱ्या प्लंबरसाठी थांबणं, हे सगळं चालतं. त्याने काम काढलं की त्याने बोलवायच्या आधी तुम्ही फोन करा आणि तारीख, वेळ विचारा.

उरलेलं सामान मित्रांना वाटू का?

अर्धी सिमेंटची गोणी, रंग, प्लायवूडचे तुकडे, वायर खुशाल द्या. उघडलेलं सिमेंट मुंबईच्या हवेत तसंही गोळे होऊन वाया जातं. लादीची एक पेटी मात्र पोटमाळ्यावर ठेवा आणि पेटीवरचा बॅच नंबर व शेड नंबर फोनमध्ये जपा. उद्या एक लादी फुटली तर तीच शेड दुकानात मिळत नाही. भाड्याने आणलेलं ब्रेकर मशीन त्याच संध्याकाळी परत करा, नाहीतर एखादा मित्र "माझ्याकडेही थोडं काम आहे" म्हणून घेऊन जाईल आणि भाडं तुमच्या नावावर चढत राहील.